सुभेदारांच्या गाडीचा आवाज

"ब्रेकचं पायडल खोल जातंय. बघ," सुभेदार म्हणाले आणि गाडीची किल्ली माझ्या तळहातावर ठेवून ताठ उभे राहिले.

म्हणाले म्हणजे कुजबुजले. तीन वर्षांपूर्वी पुण्याला त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं होतं. त्याआधी सुभेदार पिराजीराव जगदाळे नुसते खाकरले तरी चावडीवरची माणसं उठून उभी राहायची. ऑपरेशननंतर जो आवाज उरला तो सुपात धान्य हलवल्यासारखा. पण माणूस तोच. इस्त्रीची पँट, पांढऱ्या मिशा आणि समोरच्याच्या सदऱ्याचं बटण तुटलेलं असलं तर तिथंच खिळणारी नजर. माझी तर दोन तुटलेली होती.

"जी सुभेदार," मी म्हणालो. "आणि त्यो आवाज?"

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "कुठला आवाज?"

मी हसलो. साऱ्या गावाला माहीत असलेला आवाज ह्यांनाच माहीत नाही म्हणजे काय. माझं गॅरेज नाक्यावर, टेकडीच्या माथ्याला. तिथून रस्ता शाळेमागून खाली उतरतो आणि उतार संपतो तिथं सुभेदारांचं घर. पेट्रोल वाचावं म्हणून ते माथ्यावर इंजिन बंद करायचे आणि सगळा उतार ब्रेकवर उतरायचे. रोज संध्याकाळी साडेपाचला तालुक्याहून, माजी सैनिकांच्या हापिसातून परत येताना, माथ्यावरून जी टिटवी ओरडायला लागायची ती त्यांच्या अंगणात जाऊन गप्प व्हायची. लोक त्यावर घड्याळ लावत.

"तुम्ही काळजी सोडा," मी म्हणालो. "परवा संध्याकाळी गाडी घेऊन जा."

ते मान हलवून चालत घरी गेले.

मी चाकं काढली. ब्रेकच्या पट्ट्यांवरचं लायनर झिजून झिजून पापडासारखं झालं होतं. रिबिटांची डोकी उघडी पडून ड्रमला घासत होती, ड्रमवर गोल खाचा पडल्या होत्या. टिटवी नव्हतीच ती. ब्रेक बोंबलत होता, संपलो संपलो म्हणून, आणि गाव त्यावर घड्याळ लावत होतं. आणखी पंधरा दिवस गेले असते तर सुभेदार अंगणात न थांबता थेट न्हाणीघरात गेले असते.

ड्रम तालुक्याला लेथवर घासायला पाठवले आणि मी नवं लायनर बसवायच्या तयारीला लागलो. तेवढ्यात दारात सावली पडली.

सुभेदारांच्या घरच्या काकू होत्या. हातात डबा, डोईवर पदर. माझी आई गेल्यापासून काकूंनी मला कधी परका मानलं नाही, पण गॅरेजात त्या पहिल्यांदाच आल्या होत्या.

"थालीपीठं हायत, केरबा. गरम हायत तवर खा."

मी डबा घेतला. काकू हलल्या नाहीत.

"गाडी झाली का रं?"

"परवा हुईल, काकू."

"बरं. ब्रेक चांगलं कर. पण त्यो आवाज ऱ्हाऊ दे."

"आवाज?"

काकूंनी इकडंतिकडं पाहिलं आणि पदराआड हात नेऊन दाताकडं बोट केलं. "मिशरी लावते मी. दुपारची. त्यांना खपत न्हाई. आवाज आला की चूळ भरून, डबी कणगीमागं सारून, दारात उभी ऱ्हाते. एवढा वेळ बरोब्बर पुरतो बघ."

"काकू, पर त्यो आवाज म्हंजी..."

"बघ की जरा," त्या म्हणाल्या.

"बघतो," मी म्हणालो.

आमच्याकडं 'बघतो' म्हणजे होही नाही आणि नाहीही नाही. पण ज्यानं थालीपीठ आणलं असतं तो ते होच धरतो.

त्या दिवशी गाडी नसल्यामुळं सुभेदार घरीच होते आणि घरातल्या प्रत्येकाला कसलं ना कसलं निमित्त काढून बाहेर पडायचं सुचत होतं. काकू गेल्या नाहीत तोच विलास आला. सुभेदारांचा एकुलता एक, साखर कारखान्यात कारकून, चौतिशीचा बाप्या. त्यानं आल्या आल्या सिगारेट पेटवली आणि धूर टेबलाखाली सोडला, सवयीनं.

"मिस्त्री, सरळच बोलतो. गच्चीवर मी रोज एक ओढतो. एकच. पाच वीसला."

"साडेपाचला तर सुभेदार येतात."

"म्हणूनच तर. पाच वीसला पेटवली की आवाज येईस्तोवर निम्मी होते. आवाज आला की विझवतो. त्या आवाजानं माझी सिगारेट निम्म्यावर आलीय, मिस्त्री. नाहीतर मी पाकीटभर ओढणारा माणूस. आवाज गेला तर एक तर धरला जाईन, नाहीतर छाती खराब होईल."

"बघतो," मी म्हणालो. त्यानं डबा उघडून माझी दोन थालीपीठं खाल्ली आणि गेला.

दुसऱ्या दिवशी सुनबाई आली, शालनवहिनी. मॅट्रिक झालेली, थेट डोळ्यात बघून बोलणारी पोर. तिनं काही खायला आणलं नव्हतं. उभ्या उभ्या तिनं सगळं सांगितलं.

"केरबाभाऊ, दुपारी तीनपासून आमच्या पुढच्या सोप्यात सात बायका बसतात. मी त्यांना लिहायला वाचायला शिकवते. आठ महिने झाले."

मी लायनर खाली ठेवलं. सुभेदारांचा पुढचा सोपा म्हणजे देवघरापेक्षा कडक जागा. भिंतीवर पदकं, कोपऱ्यात फौजेतली काळी ट्रंक, मधोमध त्यांची खुर्ची. तिथं तहसीलदारसुद्धा चपला काढून यायचा.

"सोप्यातच का? मागं पडवी हाय की."

"पडवीत उजेड नाही. आणि फळा कुठनं आणू? ट्रंकेचं झाकण आतूनही काळं आहे, त्यावर लिहिते. आवाज आला की सगळ्याजणी मागच्या दारानं. मी ट्रंक पुसते, पाट्या आत ढकलते, खुर्ची जागेवर. मामंजी अंगणात येईस्तोवर सोपा जसाच्या तसा." तिनं एक श्वास घेतला. "त्यांना कळलं तर वर्ग बंद होईल. दुसरीकडं ह्या बायका जायच्या नाहीत. कुणाची सासू, कुणाचा नवरा. सुभेदाराच्या घरी जाते म्हटल्यावर कुणी विचारत नाही, म्हणून येतात."

"पण वहिनी, मोकळं सांगतो. त्यो आवाज म्हंजी ब्रेक मेल्याचा आवाज. त्यो ठेवायचा म्हंजी माणूस मारायचा."

"ब्रेक मारू नका आणि माणूसही मारू नका," ती म्हणाली. "फक्त आवाज ठेवा. तुम्ही एवढे कसबी."

कसबी म्हटलं की माझा इलाज चालत नाही. "बघतो," मी म्हणालो.

त्या रात्री जेवताना माझी बायको हौसा भाकरी वाढता वाढता थांबली. घरात आम्ही दोघंच. पोरगी लग्न होऊन इचलकरंजीला गेलेली. हौसा कमी बोलणारी. हल्ली तिला एकच नाद लागला होता, रोज दुपारी दळण घेऊन गिरणीत जायचा. दोन माणसांचं घर आणि पीठ लग्नघरासारखं. मी काही विचारलं नव्हतं. गिरणीत बायकांच्या गप्पा होतात, एवढं मला कळत होतं.

"आवं," ती म्हणाली, "सुभेदारांच्या गाडीचा आवाज काढू नगा."

"तुला काय करायचंय?"

"मला आवडतो."

"त्यो आवाज? कानात खिळा घातल्यागत त्यो आवाज?"

"एखाद्याला आवडतो," ती म्हणाली आणि माझ्या ताटात न मागता आणखी एक भाकरी पडली.

आता खरं सांगतो. मी ऐकायला हवं होतं. पण वीस वर्षं मी एकच गोष्ट अंगावर मिरवली होती, की केरबा लोहाराच्या हातून गेलेली गाडी आवाज करत नाही. ड्रम लेथवरून आरशासारखे होऊन आले. मी नवं लायनर रिबिटांनी ठोकून बसवलं, कानशीनं त्याच्या कडा उतरवल्या, काचपेपर मारला, पट्ट्या जिथं मागच्या पत्र्याला टेकतात तिथं नखाएवढं ग्रीस लावलं. असा ब्रेक मी त्याआधी केला नव्हता. तो बिघडवायला माझा हात उठेना. मनाला म्हटलं, त्यांच्या घरात भिंतीवर घड्याळ आहे. माणसांनी घड्याळ बघावं.

गुरुवारी सुभेदार सकाळच्या एस्टीनं तालुक्याला गेले आणि पाच वाजताच नाक्यावर उतरले. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, परेड तपासावी तशी.

"बस," ते मला म्हणाले. "चाचणी घेऊ."

मी हात पुसून शेजारी बसलो. माथ्यावर त्यांनी नेहमीसारखं इंजिन बंद केलं. गाडी उताराला लागली. त्यांनी ब्रेक दाबला.

काही नाही. गाडी लोण्यात सुरी शिरावी तशी मंद झाली. वाऱ्याचा आणि शाळेतल्या पोरांच्या पाढ्यांचा आवाज तेवढा येत होता.

मी शाबासकीसाठी तोंड तयार ठेवून त्यांच्याकडं पाहिलं. त्यांनी पायाकडं पाहिलं. पुन्हा दाबला. पुन्हा काही नाही. मग तीनचारदा भराभर दाबला, जशी दाराची कडी कुणी उघडत नाही म्हणून वाजवावी.

"आवाज कुठं गेला?" ते म्हणाले.

"काढला," मी म्हणालो. "मुळासकट."

त्यांनी काही बोलायला तोंड उघडलं, पण तोवर गाडी अंगणाच्या तोंडाशी येऊन मांजरासारखी थांबली होती.

बाभळीच्या कुंपणाआडून सगळं घर समोर उघडं पडलं होतं. ओट्याच्या कडेला काकू पाय सोडून बसल्या होत्या, बोट दातावर, डोळे मिटलेले. अशी सुखी बाई मी कधी पाहिली नव्हती. गच्चीवर धुराचं एक वर्तुळ निघालं, त्यातून दुसरं. आज विलास लवकर आला होता. आणि पुढच्या सोप्याच्या मोठ्या खिडकीतून ट्रंक दिसत होती, झाकण उघडून भिंतीला टेकवलेलं. खाली सहा बायका पाट्या घेऊन. सुभेदारांच्या खुर्चीत शालनवहिनी. आणि झाकणापुढं, पाठमोरी, खडू घेऊन उभी असलेली सातवी.

ते लुगडं मी ओळखलं. दिवाळीला मीच आणलं होतं.

गिरणी, मी मनात म्हणालो. रोजची गिरणी.

हौसा एक एक अक्षर असं काढत होती, जणू चुलीतून निखारा उचलतेय. लिहून झाल्यावर ती मागं सरकली. बायका खुदखुदल्या. एक म्हणाली, "आता वाच." हौसानं पदर तोंडावर घेतला आणि जोरात मान हलवली. सगळ्याजणी पुन्हा हसल्या.

"काय लिवलंय?" मी विचारलं. मला त्या वेळी वाचता येत नव्हतं. लायनरची खोकी मी रंगावरून ओळखायचो.

सुभेदारांनी डोळे बारीक करून झाकणाकडं पाहिलं.

"तुझं नाव," ते म्हणाले. "म्हणून वाचत नाहीये."

आमच्यात बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. बावीस वर्षांत तिच्या तोंडून मी ते एकदाही ऐकलं नव्हतं, आणि ती ते सुभेदारांच्या ट्रंकेवर खडूनं लिहून उभी होती. मी त्याकडं बघत राहिलो. तीन अक्षरं होती. मला वाटलं होतं माझं नाव मोठं असेल.

"उतर," सुभेदार कानाशी म्हणाले. "दार वाजवू नको."

"कशाला?"

"मागं ढकलायची."

"चढावर?"

"इंजिन लावलं तर बघतील."

"मग बघू द्या की. हॉर्न द्या एक. सावध हुतील."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं ते फौजेतल्या नव्या गड्याकडं बघावं तसं. "आजवर मी घरी हॉर्न दिलेला नाही. आज दिला तर त्यांना कळंल, की मला कळलंय. मग संपलंच सगळं."

मग आम्ही दोघांनी ती गाडी ढकलली. मी बेचाळीस, ते पासष्ट. त्यांचा एक हात उघड्या दारातून स्टेरिंगच्या चक्रावर, दुसरा चौकटीला. दहा पावलं झाली की मी चाकापुढं दगड लावायचो, आम्ही श्वास घ्यायचो, दगड काढायचा, पुन्हा दहा पावलं. लढाईत माघार कशी घेतात ते मला माहीत नाही, पण सुभेदारांना चांगली येत होती. एक म्हैस रस्त्याच्या कडेला उभी राहून आमच्याकडं बघत होती. सुभेदारांनी तिच्याकडं बोट करून मला गप्प राहायची खूण केली, जणू मीच तिच्याशी बोलणार होतो.

वळणापलीकडं गेल्यावर ते दाराला टेकले. मिशा घामानं चिकटल्या होत्या.

"तुम्हाला समदं म्हाईत हुतं?" मी विचारलं.

"तिची मिशरीची डबी दर महिन्याला कोण भरतं?" सुभेदार कुजबुजले. "तिला वाटतं डबी पुरते. विलासची सिगारेट तर मी गच्चीवरच्या थोटकांवरून मोजतो. आणि खडू हापिसातून मीच आणून ट्रंकेमागं ठेवतो. शालनला वाटतं विलासनं आणले. विलासला वाटतं शाळेतून मिळतात."

"मग सांगून टाकायचं. करा म्हणायचं."

"सांगितलं की ती परवानगी होते, केरबा. मग रोज माझ्या तोंडाकडं बघतील, आज राजी हाय का नाही. आता बघ, कशी बसली होती." काकू म्हणायचं होतं त्यांना. मग ते म्हणाले, "आमचे वडील दारात आले की खाकरायचे. घरच्या बायामाणसांना सावरायला वेळ द्यायचा असतो. मीही तीस वर्षं खाकरलो. मग घसा गेला. पहिले चार महिने मी घरात शिरायचो आणि जो तो दचकायचा. बोलणं बंद, हसणं बंद. आणि एक दिवस ही गाडी ओरडायला लागली."

मी मान खाली घातली.

"मी तुला पायडल बघ म्हणालो होतो," ते म्हणाले. "आवाज बघ म्हणालो नव्हतो."

गाडी नाक्यावर आणली. सुभेदार माझ्या डालड्याच्या डब्यावर पाठ ताठ करून बसले. "आवाज घाल परत. मी थांबतो."

वीस वर्षं आवाज काढणाऱ्या माणसाला आवाज घालता येत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. ग्रीस पुसून बघितलं. धूळ फासली. लायनरवर पाणी मारलं तर गाडी नुसती एकदा शिंकली. सहा वाजले. खाली घरात आज सुभेदार अजून कसे आले नाहीत म्हणून सगळे कान लावून बसले असतील. शेवटी फळीवरचं गजराचं बंद घड्याळ दिसलं. त्यातली स्प्रिंग काढली, बोटभर पट्टी तोडली आणि ब्रेकच्या एका पट्टीच्या कडेला अशी वाकवून बसवली, की ब्रेक दाबला की तिचं टोक ड्रमच्या काठाला पुसटसं लागावं. ब्रेकला धक्का नाही, लायनरला धक्का नाही. नुसता गळा.

नाक्यावरच दाबून बघितला. कर्रर्र.

"हे नाही," सुभेदार म्हणाले. "हे कुत्र्यासारखं आहे."

मी टोक घासलं. पुन्हा दाबला.

"जरा वर."

तमाशातल्या ढोलकीवाल्यासारखं मी ते चाक चारदा खोललं आणि चारदा लावलं. पाचव्या वेळी टिटवी बोलली. सुभेदारांनी डोळे मिटले.

"हाच," ते म्हणाले.

ते उतारावरून गेले तेव्हा मी माथ्यावर उभा होतो. आवाज सगळा उतार ओरडत खाली गेला, अंगणात थांबला, आणि गच्चीवरून एक लाल ठिणगी परसात पडलेली मला इथून दिसली.

मी सायकल काढली. माझ्या घराच्या कोपऱ्यावर येताच घंटी वाजवली. एकदा, मग पुन्हा, मग दारापर्यंत वाजवतच गेलो.

हौसा दारात आली. "आज घंटी कशाला?"

"गंजली हुती. बघितली वाजतीय का."

तिच्या उजव्या हाताची बोटं पांढरी होती. माझी नजर तिथं गेलेली तिनं पाहिली.

"पीठ हाय," ती म्हणाली. "जोंधळ्याचं."

जोंधळ्याचं पीठ तेवढं पांढरं नसतं. "असू दे," मी म्हणालो. "दळण सोडू नको."

त्यानंतर मी घंटी न वाजवता घरी गेलो नाही. चार महिन्यांनी, संक्रांतीच्या सुमाराला, लायनरचं एक खोकं मी उलटंसुलटं करून बघत होतो, तेव्हा तिनं ते माझ्या हातातून घेतलं आणि मागच्या चाकाचं का पुढच्या ते सांगून परत दिलं. मी काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं माझ्यापुढं एक पाटी ठेवली, तेव्हाही विचारलं नाही.

सुभेदार आणखी अकरा वर्षं ती गाडी चालवत होते. मी लायनर दोनदा बदललं, स्प्रिंगची पट्टी तीच ठेवली. आता तर नव्या गाड्यांच्या ब्रेकला तशी पट्टी कारखान्यातूनच लागून येते, झीज झाली की ओरडायला. पहिल्यांदा ती बघितली तेव्हा मी एकटाच बसून पोट दुखेस्तोवर हसलो.

गॅरेज आता भाचा चालवतो. दारावरची पाटी मात्र जुनीच आहे, हौसाच्या हातची. तिनं अजून माझं नाव तोंडानं घेतलेलं नाही, पण तिथं हातभर अक्षरात लिहिलं आहे: केरबा लोहार. ब्रेकचे काम खात्रीने होईल. आवाज ठेवायचा असल्यास आधी सांगावे.